क्रीटला जाऊन आलेला कमरेचा बटवा

मी एक बटवा बोलतोय. रेशमी, जरीचा वगैरे नाही हं! धवलच्या जुन्या जीन्सच्या पायातून नीलांबरीने मला शिवलं आणि कमरेला बांधायला नाडी लावली. आम्ही कतारमध्ये, दोह्याच्या अल सद्द भागात राहतो. धवल गॅस कंपनीत इंजिनिअर, अंतरा त्यांची शाळकरी लेक, आणि नीलांबरी या घराची तिजोरी. म्हणजे तिजोरी मी, पण वागवायची तिने.

एरवी कपाटात मी सुखात असतो. प्रवास निघाला की तिघांचे पासपोर्ट आणि कतारची ओळखपत्रं माझ्या पोटात कोंबली जातात. "तूच ठेव, माझ्याकडून हरवेल," असं धवल दर वेळी सांगतो, तेही अभिमानाने. जसा काही विसरभोळेपणा हा एखादा किताबच आहे!

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही ग्रीसमधल्या क्रीट बेटावर गेलो, समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये. खोलीत लॉकर होता. "हॉटेलवाल्यांना उघडता येतच असणार," म्हणत नीलांबरीने मला कुर्त्याखाली घट्ट बांधलं. मग काय, बापलेक समुद्रात आणि ही छत्रीखाली, चपला, टॉवेल नि चिवड्याचा डबा राखत. शेजारच्या गोऱ्या आजीबाई खुशाल ऊन खात झोपायच्या, त्यांच्या सामानावरही हिचंच लक्ष. रोज कुर्त्याच्या आत पोहण्याचा पोशाख घालून यायची आणि कोरडाच परत न्यायची. खरं सांगतो, मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची.

शेवटच्या दिवशी अंतरा निथळत आली. "आई, प्लीज कम! जस्ट वन्स!"

"अगं, सामान कोण बघणार?"

"मी बसतो ना," धवल म्हणाला. "यल्ला, जा आता!"

तिने त्याच्याकडे चष्मा दिला, घड्याळ दिलं, फोन दिला. राहिलो मी. इतके दिवस कमरेला असल्यामुळे मी तिला जाणवेनासाच झालो होतो.

कुर्त्यासकटच ती पाण्यात शिरली. पाणी थंडगार होतं. ऑगस्टात दोह्याचा समुद्र म्हणजे गीझरचं पाणी. त्याची सवय झालेली बाई किंचाळलीच. मग हसली. लाट अंगावर घेऊन पुन्हा हसली. इतकं मोठ्याने हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं, आणि इकडे माझ्या नाकातोंडात खारं पाणी! बोंब तरी कशी मारणार? माझं तोंड म्हणजे चेन, आणि ती तिनेच ओढून बंद केलेली.

बऱ्याच वेळाने तिचा हात कमरेवर गेला. "अगं बाई! पासपोर्ट!"

ती धावत काठावर आली तेव्हा धवलचा चेहरा पांढराफटक पडला. "उद्या फ्लाइट आहे, नीलू. पासपोर्ट भिजले असले तर दोह्याला जायचं कसं?" चेन अडकली होती, त्याने ती दातांनी ओढली. आतून खबूसची, म्हणजे इथल्या रोटीची, रिकामी प्लास्टिकची पिशवी निघाली, धुऊन वाळवलेली, रबरबँड लावलेली. तिच्या आत आणखी एक. ही बाई पिशवी म्हणून टाकत नाही आणि त्यावरून धवल तिची कायम टर उडवतो. आज मात्र त्यानेच दोन्ही पिशव्या अलगद उघडल्या. पासपोर्ट खडखडीत कोरडे! व्हिसाची शाईसुद्धा फुटली नव्हती.

तिघंही वाळूत बसली. नीलांबरी रडत होती की हसत होती, कळेना. बहुधा दोन्ही. माझ्याही जिवात जीव आला.

मग तिने पासपोर्ट आणि त्यांत खोचलेली ओळखपत्रं हातात घेतली. "हा तुझा. अंतरा, हा तुझा. आणि माझाही तूच धर, धवल."

"बट आई, व्हॉट इफ आय लूज इट?"

"मग शोधायचा. खलास! मी पाण्यात चाललेय."

मला छत्रीच्या दांड्याला अडकवून ती गेली. मागे वळून बघितलं नाही.

आता मी अल सद्दच्या बाल्कनीत दोरीवर लटकतोय. अंगावर मिठाचे पांढरे डाग, चेन गंजलेली, पोट रिकामं. इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेलच. पुढच्या प्रवासात त्याला तुमच्या घरच्या नीलांबरीच्या कमरेला बांधू नका. आपापला पासपोर्ट आपापल्या खिशात घाला आणि तिला म्हणा, जा, पोहून ये.