बोटं दिसायला हवीत

सुमनताईंनी बुटाच्या टोकावर अंगठा दाबून पाहिला, बूट उलटा करून तळ पाहिला आणि ऋजुताच्या हातात न देता सरळ खोक्यात परत ठेवला.

"नको," त्या म्हणाल्या.

"आई, मी अजून पायातही घातला नाहीये."

"घालून काय बघायचंय? पुढून बंद आहे."

राखाडी रंगाचा, मऊ चामड्याचा, बेताच्या टाचेचा तो बूट ऋजुताला मनापासून आवडला होता. त्याच्या आधी नापास झालेला निळा मखमलीही आवडला होता, आणि त्याच्या आधीचा काळाही. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बाजारपेठेतल्या या दुकानात शिरून त्यांना बराच वेळ झाला होता आणि खोक्यांची चळत बाकाच्या उंचीला आली होती. मॉरीन नावाची दुकानातली साठीची बाई ठेंगण्या स्टुलावर बसून एकेक झाकण लावत होती. तिचं हसू अजून शाबूत होतं, पण सुरुवातीइतकं ताजं राहिलं नव्हतं.

"शी वॉन्ट्स ओपन टोज," ऋजुताने तिला सांगितलं. "इन ऑक्टोबर."

मॉरीनने काचेतून बाहेर पाहिलं. लोक कोटाच्या कॉलरी वर करून, खाली माना घालून चालले होते. उन्हाळ्याचा माल आता बहुतेक संपला, तरी मागे जाऊन बघते, असं म्हणून ती गुडघ्यावर हात टेकवत उठली.

पुढच्या शनिवारी रजिस्टर ऑफिसात ऋजुताचं पुष्करशी लग्न होतं. सुमनताई तिच्या सासूबाई. पुष्करच्या आई नव्हेत, तिच्या पहिल्या नवऱ्याच्या, अनिशच्या आई. अनिशला जाऊन चार वर्षं झाली होती. अशा नात्याला आपल्याकडे वेगळं नाव नाही, त्यामुळे ऋजुता जे आई म्हणत होती तेच पुढे चालू राहिलं. अनिश गेल्यापासून सुमनताई दर वर्षी चिंचवडहून व्हिजिटर व्हिसावर येत, सहा महिने राहत, नातीला, दियाला, शाळेत पोचवत, आणि कौन्सिलची कचऱ्याची गाडी कुठल्या रंगाचा डबा कुठल्या वारी नेते हे ऋजुतापेक्षा पक्कं लक्षात ठेवत.

मार्चमध्ये ऋजुताने त्यांना फोनवर पुष्करबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंस." आणि पाठोपाठ, "यंदा येताना कुळथाचं पीठ आणू का?" तेव्हापासून ऋजुता त्या ‘बरं केलंस’चा अर्थ लावत होती. रडल्या असत्या तर कळलं असतं. चिडल्या असत्या तरी कळलं असतं. कुळथाच्या पिठावरून माणसाने काय ओळखायचं?

म्हणून तिने आपल्यापुरतं ठरवून टाकलं की हे लग्न हळू आवाजात करायचं. शेजारच्या खोलीत कुणी आजारी झोपलं असावं आणि आपण चहाचा कपसुद्धा जपून ठेवावा, तसं. साडी क्रीम रंगाची, काठ नावापुरता. बूट बंद आणि साधे, नंतर ऑफिसला घालता येतील असे. पुष्करलाही तिने बजावलं होतं की नागपूरच्या घरून काही आणवू नकोस. पुष्कर हौशी माणूस, त्याला निदान फेटा तरी बांधायचा होता. पण तो बरं म्हणाला आणि फेट्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

सुमनताईंनी तर आधीच सांगून टाकलं होतं. "मी घरीच थांबते. तुम्ही येईपर्यंत गरम स्वयंपाक करून ठेवते. मला फोटो दाखवा म्हणजे झालं." त्या दिवशी ऋजुताच्या हातून भांडी जरा जोरात घासली गेली.

आणि मग गेल्या रविवारी पोहे खाता खाता त्याच म्हणाल्या, "लग्नातले बूट मी घेणार तुला. माझा अहेर समज."

मॉरीन मागे गेली तशी सुमनताईंनी दुकानात एक फेरी मारली. हातात धरायच्या छोट्या पर्सेस एकामागून एक उघडून त्यांनी आत आपला फोन मावतो का ते पाहिलं. "यात रुमाल ठेवला तर किल्ली बाहेर राहील," असा शेरा मारून त्या पुढे सरकल्या. लग्नाला डोक्यावर लावायच्या पिसांच्या टोप्यांपाशी त्या थांबल्या.

"हे काय, पक्षी बसवलाय का?"

"इथल्या बायका घालतात लग्नाला."

"घालोत बापड्या."

मग त्यांना मोत्यांची एक केसातली पिन सापडली. पांढरे टपोरे मोती, मध्ये एक बारीकसा हिरवा खडा. त्यांनी ती ऋजुताच्या अंबाड्याशी धरली आणि समोरच्या आरशात पाहिलं. ऋजुतानेही पाहिलं. पिन छान दिसत होती, आणि तिने मान बाजूला घेतली.

"नको आई. जास्त होईल."

"जास्त? कुणाला जास्त?"

सुमनताईंनी पिन जागेवर लावली, पण लगेच पुढे गेल्या नाहीत.

मॉरीन एक खोकं घेऊन आली. आत मरून रंगाचे बूट होते, पुढच्या टोकाला नखाएवढी खिडकी ठेवलेले. पुढून उघडे म्हणजे हेच असणार, अशी तिची समजूत होती. सुमनताईंनी त्या खिडकीत बोट घातलं आणि ते दोन्ही बाजूंना फिरवून पाहिलं.

"एवढ्याशा भोकातून अंगठ्याचं नख दिसेल फक्त. त्याच्या शेजारचं बोट दिसायला हवं."

"कुणाला दाखवायची आहेत माझी बोटं?" ऋजुता म्हणाली. "रजिस्ट्रारला? बाहेर इतकी थंडी, त्यात पाऊस आला म्हणजे झालंच. मी पाय गारठवून घ्यायचे आणि सह्या करायच्या?"

"गाडीतून उतरून आत जाईपर्यंत काय गारठणार आहेत?"

मॉरीनला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण दुकानात आयुष्य काढलेल्या बाईला सूर कळतो. अजून एक जोड असेल बहुधा, असं पुटपुटत ती पुन्हा मागे गेली. ऋजुताने मरून बूट खोक्यात ठेवले आणि झाकण लावलं.

"आई, तुम्हाला हे लग्न पटलं नसेल तर तसं सांगा," ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिने तो इतका उतरवला की सुमनताईंना पुढे वाकावं लागलं. "राग बुटांवर नका काढू."

सुमनताई तिच्याशेजारी बाकावर बसल्या. खांद्यावरची पिशवी काढून मांडीवर घेतली.

"पटलं नसतं तर यंदा आलेच नसते. तिकडे काय मला उद्योग नाहीत?"

"मग शनिवारी घरी का थांबताय?"

"तू बघ की स्वतःकडे जरा. मी खोलीत आले की पुष्करचा फोन ठेवतेस. हसत असलीस तर हसू गिळतेस, चोरी पकडली गेल्यासारखं. दिया परवा मला म्हणाली, ‘आजी, आईचा साडी सॅड आहे.’ सहा वर्षांच्या पोरीला दिसतं ते मला दिसत नसेल? म्हटलं, मी तिथे समोर जाऊन बसले तर ही लग्नातसुद्धा तोंड पाडून उभी राहील. त्यापेक्षा आपण घरी पोळ्या लाटलेल्या बऱ्या."

खोक्यातून बाहेर आलेला पातळ कागद ऋजुताने हातात घेतला. तिने त्याची घडी घातली, मग आणखी एक घडी.

"मला वाटलं, तुम्हाला बघवणार नाही," ती म्हणाली. "म्हणून सगळं साधं ठेवलं. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

"त्रास होतो," सुमनताई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? माझा मुलगा होता तो. पण तू हसलीस म्हणून नाही होत. उलट तू हसलीस की घरात जरा बरं वाटतं मला."

ऋजुताला वाटलं, हे मार्चमध्ये फोनवर का नाही म्हणालात. पण विचारायला तोंड उघडलं असतं तर दुकानातच रडू फुटलं असतं, म्हणून तिने कागदाची घडी पुन्हा उलगडली. सुमनताईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"आता बुटांचं ऐक. पुष्करच्या आईंचा मला फोन आला होता. त्या म्हणाल्या, मुलगा म्हणतो काही आणू नकोस, ऋजुताला चालणार नाही. काही नाही तर निदान जोडवी आणू का? माझा जीव मानत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, आणा. चांगली ठसठशीत आणा. आता त्या बिचाऱ्या एवढी जोडवी घेऊन गुरुवारी इथे उतरणार, आणि ती जाऊन बसणार बुटाच्या आत अंधारात. दिसायला नकोत?"

ऋजुताने आपल्या पायांकडे पाहिलं. दुकानाने दिलेल्या नायलॉनच्या मोज्यातून बोटं पुसट दिसत होती. जोडव्यांचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. अनिशशी लग्न होऊन ती इथे आली, त्या पहिल्याच हिवाळ्यात बुटात जोडवी रुतायला लागली होती, म्हणून तिने सगळे बूट अर्ध्या नंबराने मोठे घेतले होते. तो गेल्यावर जोडवी निघाली आणि ते सैल झाले. तेव्हा सुमनताई इथे आल्या होत्या, आणि चिंचवडहून कुणीतरी फोनवर सांगितलं की आता पायातली काढायला हवीत. सुमनताईंनी तिला बाथरूममध्ये नेलं, टबाच्या कडेवर बसवलं, कोमट पाण्यात साबण कालवला आणि खाली बसून एकेक जोडवं फिरवत फिरवत काढलं. दुसऱ्या कुणाला त्यांनी आत येऊ दिलं नव्हतं. त्याबद्दल नंतर दोघींचं कधी बोलणं झालं नाही.

मॉरीन परत आली ती विजयी मुद्रेने. हातात चंदेरी सँडलचा एक जोड होता. बारीक पट्टे, छोटंसं बक्कल, समोरून सगळं मोकळं. उन्हाळ्यात मांडणीत ठेवलेला शेवटचा जोड, ती म्हणाली, आणि नशिबाने नंबर तोच.

सुमनताईंनी सँडल हातात घेतला, पुढे-मागे पाहिलं, अंगठा वगैरे काही दाबला नाही.

"हां," त्या म्हणाल्या. "हे कसं, लग्नातलं वाटतं."

मग मॉरीनकडे वळून, "यू सिट हिअर, प्लीज," असं म्हणत त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि तिच्या ठेंगण्या स्टुलावर स्वतः बसल्या. बसताना त्यांचे गुडघे कुरकुरले. मॉरीन गंमत वाटून बघत राहिली. सुमनताईंनी बक्कल सोडलं आणि ऋजुताच्या घोट्याकडे हात नेला.

ऋजुताने झटकन पाय मागे घेतला. सणावारी, वाढदिवसाला, विमानतळावर निघताना ती या बाईंच्या पाया पडत आली होती. नमस्काराची दिशा ठरलेली असते, ती अशी दुकानात फिरवायची नसते.

"आई, काय हे. तुम्ही माझ्या पायाला हात नका लावू."

"मागे लावलाय की," सुमनताई म्हणाल्या.

ऋजुताचे डोळे भरून आले. मॉरीनने खिशातून टिश्यू काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि नजर काचेबाहेर वळवली.

"जोडवी काढली मीच होती ना?" सुमनताई सँडलच्या पट्ट्याकडे बघत म्हणाल्या. "मग घालणारही मीच. पुष्करच्या आईंना तसं विचारून घेतलंय. म्हटलं, जोडवी तुमची, पण तिच्या पायात मी घातली तर चालेल का? मी अशी बाई, शुभकार्यात पुढे होऊ का नको, तुम्ही स्पष्ट सांगा. तर त्या म्हणाल्या, तुमच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचा आहे?"

ऋजुताने नाक पुसलं.

"म्हणजे शनिवारी तुम्ही येणार."

"न येता कशी घालणार? फोटोतून?" सुमनताई म्हणाल्या. "आणि त्या साडीचंही बघू काहीतरी. दे, पाय पुढे कर आता, माझे गुडघे दुखायला लागले."

ऋजुताने दुकानाचा मोजा काढून बाजूला ठेवला आणि पाय पुढे केला.