बदलीचा हात

मोहाडीच्या शकुनबाईने आयुष्यात एकच परीक्षा दिली होती, चौथीची, आणि तीत ती गणितात गचकली होती. त्यामुळे भंडाऱ्याच्या दवाखान्यात हर्षा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नवं इंजेक्शन सुरू करण्याआधी टीबीची टेस्ट करावी लागेल," तेव्हा तिला पुन्हा नापास होण्याचीच धास्ती पडली.

सहा वर्षं आमवाताने तिची बोटं आखडली होती. गोळ्या खाऊन खाऊन तोंड कडू झालं, तरी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. मागावर कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी विणणं सुटलंच होतं, पण खरं दुःख वेगळं होतं. मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणा संपला की नव्या ताण्याचे हजारो धागे जुन्या टोकांना एकेक गाठ मारून जोडावे लागतात, आणि त्या कामात अख्ख्या मोहल्ल्यात शकुनबाईचा हात कोणी धरत नव्हतं. आता तिला पिशवीची गाठ सुटेना. या इंजेक्शनाने बोटं मोकळी होतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ते मिळावं, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

टेस्ट म्हणजे काय ते शेजारच्या मधुकररावांनी समजावलं. ते कधीकाळी औषधाच्या दुकानात बसत, तेवढ्या पुंजीवर गल्लीचे डॉक्टर झाले होते.

"हातात औषध टोचते. तीन दिवसांत तिथं गाठ आली का समजा नापास. मंग ते इंजेक्शन जलमभर बंद!"

तोडगा काढला रत्नाबाईने. ही शकुनबाईची पाठची बहीण आणि धाकटी जाऊही. दोघी बहिणी दोन भावांना दिलेल्या, एकाच घरात, एकाच मागावर. एक चुलीकडे उठली की दुसरी मागावर बसायची. याला त्या बदलीले बसणं म्हणत. तीस वर्षांत साडीत कुठे कोणाचा हात सुरू झाला, हे व्यापाऱ्याच्या बापालाही ओळखता आलं नव्हतं.

"मीच बसते ना तुह्या बदली," रत्नाबाई म्हणाली. "मले का झालं? घोड्यासारखी धडधाकट आहो. पास होऊन येते."

दोघींना यात काही वावगं वाटलं नाही. मागावर चालतं ते दवाखान्यात का चालू नये?

सोमवारी शकुनबाईचा कागद घेऊन रत्नाबाई गेली. कीर्ती सिस्टरने तिच्या डाव्या हातावर टोचलं, भोवती पेनाने गोल काढला आणि गुरुवारी दाखवायला बोलावलं. बुधवारी सकाळी त्या गोलात सुपारीएवढी गाठ उभी होती.

"मच्छर चावला असन," रत्नाबाई म्हणाली.

"मच्छर बरोबर गोलाच्या मधातच बसला का वं?"

धडधाकट घोडा नापास झाला होता. मग शकुनबाईच्या ध्यानात आलं की तिचा स्वतःचा हात तर अगदी सपाट आहे. रत्नाबाईने औषधाच्या बाटलीचं झाकण त्यावर ठेवलं, पेन फिरवला आणि मधोमध सुईने एक ठिपका टोचला.

गुरुवारी गर्दीत चेहरा न बघताच कीर्ती सिस्टरने शकुनबाईचा हात चाचपला. "काहीच नाही. शून्य. आणि गोल किती सुबक आहे हो! माझा तर नेहमी वाकडा येतो."

आयुष्यात पहिल्यांदा पास झालेली शकुनबाई तरंगतच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरली. रत्नाबाई पदराखाली हात झाकून बाहेर बाकावर बसली.

"छान," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "छातीचा फोटो काढू, आणि तो साफ असला की सोमवारी पहिलं इंजेक्शन. कसं आहे, कित्येकांच्या अंगात टीबीचे जंतू निजलेले असतात. शरीर त्यांच्यावर पहारा ठेवतं. हे इंजेक्शन सांध्यांची सूज उतरवतं, पण तो पहाराही ढिला करतं. म्हणून आधी बघायचं."

"अन् ज्याले गाठ आली, त्याच्या अंगात असतेच का जंतू?"

"बहुतेक असतात. मग शोधायचं, निजलेले आहेत की जागे झालेत. जागे असले तर तो आजार."

शकुनबाईच्या कानात तेवढाच एक शब्द राहिला, जागे. चुलीपाशी रत्ना मागच्या आठवड्यात खोकत होती. ती धुरानेच का? सोमवार चार दिवसांवर होता. नुसतं गप्प बसायचं होतं, रत्नाचं नंतर हळूच विचारता आलं असतं. तिने गोल काढलेला हात टेबलावर पुढे केला.

"म्याडम, हा हात टेस्टले बसलाच नाही," ती म्हणाली. "बाहीर बसली तिचा बसला. तिले गाठ आली."

"आणि हा गोल?" दारातून कीर्ती सिस्टर ओरडली.

"बाटलीच्या झाकणानं काढला."

डॉक्टरीणबाई उठून उभ्याच राहिल्या. "अहो, तुमच्या आत जंतू असते आणि मी हे इंजेक्शन दिलं असतं तर? जीव गेला असता, बाई!"

"माह्या जिवाचं मंग पाहा. पहिले तिले आत बलवा."

मग दोघींच्या छातीचे फोटो निघाले. शकुनबाईला खरोखरीची सुई टोचली गेली, आणि सिस्टरने गोल मुद्दाम वाकडा काढला.

शनिवारी सिस्टरने शकुनबाईचा हात पट्टीने मोजला; तिचं लक्ष तिकडे नव्हतं. ती डॉक्टरीणबाईंच्या हातातल्या रत्नाच्या फोटोकडे बघत होती.

"रत्नाबाईंचा फोटो साफ आहे. नुसते निजलेले जंतू. खोकला लांबला, ताप आला, वजन उतरलं तर मात्र लगेच यायचं."

शकुनबाईने रत्नाचा हात धरला आणि तिला ओढतच बाहेर नेलं. फाटकापाशी भज्यांची गाडी होती. दोन प्लेट सांगून झाल्या, तेवढ्यात कीर्ती सिस्टर धापा टाकत आली.

"अहो शकुनबाई, तुमचा निकाल राहिला ना!"

परत नेऊन तिला खुर्चीत बसवलं. तिलाही गाठ आली होती, सहा मिलिमीटरची. एरवी दहाच्या खालची धरत नाहीत, पण तिच्यासारख्या आमवाताच्या गोळ्या चालू असल्या की पाचाचीही गाठ धरतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फोटो तुमचाही साफ आहे. निजलेल्या जंतूंसाठी आठवड्यातून एकदा गोळ्या घ्यायच्या, तीन महिने. पण पहिला महिना झाला की इंजेक्शन सुरू करू."

"जलमभर बंद नाही?"

"कोणी सांगितलं? महिनाभर थांबायचं, बस."

शकुनबाईला रडू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हमसाहमशी रडायला लागली, आणि रत्नाबाई गांगरली.

"आता कायले रडून राहिली, बाई? भेटून राहिलं ना इंजेक्शन."

"मी इसरलीच होती वं ते," शकुनबाई म्हणाली. "तुहा फोटो साफ निंघाला, अन् मले काही पायजे होतं, हेच मी इसरली."