दोन अक्षरांचा फरक

गाझियाबादच्या एका नाल्याचं पाणी उत्तरा चार वर्षं तपासत होती. कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या बाजूचं आणि खालच्या बाजूचं. पाण्यातल्या जिवाणूंचा डीएनए काढायचा, एका ठराविक जनुकाची अक्षरं वाचायची आणि शंभरातली सत्त्याण्णव जुळली की संगणकाने ते सगळे एकाच गटात टाकायचे, ही तिचे मार्गदर्शक डॉ. श्रीरंग भागवत यांची जुनी पद्धत. त्या पद्धतीत दोन्हीकडचं पाणी सारखंच दिसायचं. सरांनी तसा अहवालही देऊन टाकला होता.

दिल्लीत मुनिरक्यातल्या भाड्याच्या खोलीत उत्तराने तीच माहिती गट न पाडता, अक्षर न् अक्षर वेगळं ठेवून पाहिली. सर्वांत मोठ्या गटात दोन जिवाणू निघाले. फरक दोनच अक्षरांचा, पण एक फक्त वर सापडत होता, दुसरा फक्त खाली. यंत्राने वाचताना चूक केली असेल म्हणून तिने तीनदा नवं पाणी आणलं. तिन्ही वेळा तेच. म्हणजे कारखान्याच्या वरचं आणि खालचं पाणी सारखं नव्हतं.

"उद्या पीएचडीच्या समितीपुढे त्या स्लाइड नकोत," सर म्हणाले. "दोन अक्षरांनी काय होतं? अहवाल गेलाय आपला."

"अहवाल चुकलाय, सर."

"तुझ्या मुदतवाढीवर माझी सही लागते, लक्षात आहे ना?"

"आहे. नका करू सही."

संध्याकाळी तिने घरी फोन केला. बाबा, बळवंतराव, सरकारी नोकरीत जन्म काढलेले. "अगं, आधी डिग्री घे, मग काय ते बोल," ते म्हणाले.

"मग या पाण्याबद्दल मला विचारणार कोण, बाबा?"

"अच्छा. किती वाजता आहे उद्या?"

सकाळी अकराला पडद्यावर ती स्लाइड आली तसे सर उठले. "हे कच्चं आहे, पुढे चल."

उत्तरा पुढे गेली नाही. बाहेरून आलेल्या परीक्षक देवयानी सान्याल यांनी चष्मा सारखा केला. "यंत्राची चूक नाही कशावरून?"

"चूक असती तर दोन्हीकडे विखुरली असती, मॅडम. ही तिन्ही वेळा एकाच जागी येते."

समितीने नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायला सांगितलं आणि तोवर मुदतवाढ रोखली. उत्तराने खोली सोडली, पुस्तकं रिक्षात घालून ती गाझियाबादला आई-बाबांकडे आली. शेजारणी विचारायच्या, शिक्षण सुटलं का? ती सांगायची, नाही, अडवलंय.

सात आठवड्यांनी निकाल आला. तेच दोन जिवाणू, त्याच जागी. समितीने अहवाल दुरुस्त करायला सांगितला, तिला नवे मार्गदर्शक दिले. त्याच दुपारी सरांचा मेसेज आला: दुरुस्त अहवालावर माझं नाव नको.

उत्तराने त्यांचं नाव काढलं, "काढलं, सर," एवढंच लिहिलं आणि अहवाल पाठवून दिला.