अकरावा पाठ

काटकोनसरांनी संगणकाच्या खोलीबाहेर बूट काढले, मोजे त्यांत कोंबले आणि दारातूनच विचारलं,

"पोरी, हात मोकळा आहे का गं?"

कळफलकावरचे हात तसेच ठेवून ती दाराकडे बघत राहिली. मोठ्या बाईंपासून शिपायापर्यंत सगळी शाळा तिला मॅडम म्हणायची. 'पोरी' म्हणणारे एकटे सरच, कारण दोन वेण्या घालून ती त्यांच्याच वर्गात तीन वर्षं भूमिती शिकली होती. निवृत्त होऊन सहा महिने झाले तरी सर फळ्यापुढे उभं राहावं तसेच ताठ उभे होते. त्या ताठपणावरूनच मुलांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं, आणि ते त्यांना ठाऊकही होतं.

"सर, तुम्ही? या ना. फोन करायचा होतात."

"फोनवर सांगण्यासारखं नव्हतं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. कळलं सरांना, असंच तिला वाटलं. तिने उठून खुर्ची पुढे केली. सरांनी बसता बसता काखेतली वही काढली, खुणेचा कागद ठेवलेलं पान उघडलं आणि एका आकृतीवर बोट टेकवलं.

"अकरावा पाठ," ते म्हणाले. "माझ्या हातून चूक झालीय."

चूक सरांची होती. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

चोवीस पाठ होते. सर निवृत्त व्हायच्या वर्षी मोठ्या बाईंनी टूम काढली, की सरांची सगळी भूमिती चित्रित करून ठेवायची, म्हणजे पुढच्या पोरांना घरबसल्या बघता येईल. दर शनिवारी शाळा सुटली की प्रयोगशाळेत फळा पुसला जाई. सर इस्त्रीचा सदरा घालून येत, ती कॅमेरा लावी आणि सरांच्या कॉलरला चिमुकला माईक अडकवी. सरांना यंत्रांतलं ओ की ठो कळत नव्हतं. माऊस असा धरायचे, जणू सोडला तर पळेल. शिक्षकांच्या खोलीत तिने एकदा त्याची नक्कल करून सगळ्यांना पोट धरधरून हसवलं होतं.

पहिल्याच शनिवारी सरांनी विचारलं होतं, "आवाज येतोय ना नीट?"

"सर, तुम्ही फक्त शिकवा. बाकीचं माझ्यावर सोडा."

मग ती मागच्या बाकावर बसायची. कानात इयरफोन असायचे. सरांना वाटायचं, पोरगी आवाज तपासतेय. ते मोठ्या कौतुकाने तिच्याकडे बघत आणि शब्द आणखी सावकाश उच्चारत. इयरफोन तिच्या स्वतःच्या फोनला लावलेले असत आणि त्यांत तिची मालिका चालू असे.

माईकच्या डबीवर एक वेगळं बटण होतं. ते तिने एकदाही सुरू केलं नव्हतं. शिवाय माईकची वायर कॅमेऱ्यात खोचली, की कॅमेऱ्याचे स्वतःचे कान बंद होतात. हे ती आठवीच्या मुलांनासुद्धा शिकवत असे. निरोप समारंभात मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, सरांचा आवाज या शाळेत कायम राहील. टाळ्या झाल्या होत्या, तिनेही वाजवल्या होत्या. सुट्टीत पाठ साफ करायला बसली, तेव्हा चोवीसच्या चोवीस मुके निघाले.

सांगायला हवं होतं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बोलणी खाऊन सुटली असती. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तिने एका कंपनीचे तयार पाठ त्या जागी शाळेच्या वेबसाइटवर चढवून दिले. कुणालाच काही कळलं नाही. मुलांना काय, पडद्यावर त्रिकोण आला म्हणजे झालं. सरांच्या घरी साधा बटणांचा फोन, मुलगा परगावी. तेही कधी बघणार नव्हते. फक्त दर महिन्याला एकदा फोन यायचा.

"कितीजणांनी बघितलं गं?"

सुरुवातीला ती 'बघतायत सर' म्हणून वेळ मारून न्यायची. मग आकडे सांगू लागली. गोल आकडा ऐकला तर गणिताच्या माणसाला संशय येईल, म्हणून मागच्या खेपेला सहाशे बारा म्हणाली होती.

"हे बघ," सर आता सांगत होते. "चार दिवसांपूर्वी शेजाऱ्यांच्या नातीला शिकवताना ही वही काढली. दोन बाजू समान, एक कोन समान, म्हणून त्रिकोण एकरूप. पण कोन त्या दोन बाजूंच्या मधला हवा ना? मी खूण केलीय दुसऱ्याच कोनावर. वहीत चुकलो ते चुकलो. फळ्यावरही असंच केलं असलं तर काय? मला तो पाठ दाखव."

"आज नेट बंद आहे सर."

"मग थांबतो की. मला कुठे घाई आहे?"

ते मांडीवर हात ठेवून खरंच थांबले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोन घरं पुढे सरकला. तिला ते बसलेलं बघवेना. मुके पाठ तिच्याच संगणकात होते. पुसून टाकायचा धीर तिला झाला नव्हता. तिने अकरावा उघडला.

पडद्यावर सर आले. पांढरा सदरा, हातात फूटपट्टी. ओठ हलले. आवाज नाही.

"स्पीकर बिघडलाय सर," ती म्हणाली. खोटं आता विचार न करताच तोंडातून येत होतं.

"असू दे. माझंच बोलणं, मला येतं."

आणि पडद्यावरचे ओठ हलतील तसं सर बोलू लागले. "आता नीट बघा मुलांनो. घाई करायची नाही. आधी काय दिलंय ते लिहा." पडद्यावरचे सर थांबत तिथे हे थांबत. एके ठिकाणी पडद्यावरचे सर हसले, तेव्हा यांनी तो जुना विनोदही सांगितला, बायकोला नव्वद अंशांत वळायला सांगितलं तर ती माहेरी कशी पोचली तो. तिला हसू आलं नाही. चोवीस शनिवार ती सरांपासून पाच पावलांवर बसली होती, आणि हा पाठ ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

विसाव्या मिनिटाला पडद्यावरच्या हाताने कोनाची कमान काढली.

"थांबव," सर म्हणाले.

तिने थांबवलं. कमान दुसऱ्याच कोनावर होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा बघितलं. कमान तिथेच होती.

"सहाशे बारा," ते म्हणाले.

"सर, मी आत्ताच्या आत्ता काढून टाकते तो."

"काढशील गं. बघितलेलं कसं काढशील?" त्यांचा आवाज फाटला. "चौतीस वर्षांत फळ्यावर चुकलो, तर कुणी ना कुणी हात वर करायचं. सर, चुकलं! म्हणून ओरडायची कार्टी. हे असलं एकतर्फी. कुणी ओरडायला नाही. सहाशे बारा पोरांनी माझ्यावर विश्वास ठेवून हे वहीत उतरवलं असणार. मी वर्गावर्गात जातो. मोठ्या बाईंना विचार, उद्या प्रार्थनेनंतर पाच मिनिटं देतील का? सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं म्हणून."

ते उठायला लागले. गुडघ्यावर हात टेकून उठताना त्यांचा तोल किंचित गेला, आणि तिने दंड धरला. हा माणूस उद्या सगळ्या शाळेपुढे हात जोडणार होता, कुणीच न बघितलेल्या चुकीसाठी.

"सर, बसा," ती म्हणाली. "कुणीही बघितलेलं नाही."

"माझं समाधान करू नकोस."

"खरंच नाही. स्पीकर चांगला आहे. माईकच सुरू नव्हता, मी सुरू केला नव्हता. पाठ चढवलेच नाहीत, दुसरेच लावलेत. ते आकडे मी मनानेच सांगत होते सर."

सर पडद्याकडे बघत राहिले. तिथे ते स्वतः खडू धरून थांबलेले होते.

"म्हणजे हा कोन कुणीच बघितला नाही?"

"कुणीच नाही."

"एकानेही?"

"एकानेही नाही."

सरांनी मोठा श्वास सोडला. तोंडावरून रुमाल फिरवला. चार दिवसांचं ओझं उतरावं तसे त्यांचे खांदे खाली आले, आणि ते चक्क हसले.

"सुटलो बघ," ते म्हणाले. "जिवात जीव आला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सोपं होतं तर आधीच का नाही बोलले, असंही वाटून गेलं. सरांनी खिशातून पेन्सिल काढली, वहीतली चुकीची कमान खोडली, खोडरबराचा चुरा फुंकून टाकला आणि मधल्या कोनावर नवी कमान काढली, सुबक. मग पान उलटलं. बाराव्या पाठाच्या आकृतीवर त्यांची पेन्सिल आली आणि तिथेच राहिली.

"आणि बाकीचे तेवीस?"

सर तिच्या तोंडाकडे बघत होते, उत्तर येत असूनही गप्प बसलेल्या मुलीकडे बघावं तसे. मग त्यांनी बघायचं थांबवलं.

घंटा झाली. आठवीच्या मुली दाराबाहेर चपला काढून ढकलाढकली करत उभ्या राहिल्या. सरांना बघून दोघींनी नमस्कार केला. सर उठले, वही काखेत घेतली आणि तिच्यासाठी खुर्ची जागेवर सरकवली.

"बसा मॅडम," ते म्हणाले. "तुमचा तास आहे."