काट्यावरचे दोन आकडे

"वजन रुकेगा. सबका रुकता है. तुम गोली मत रोकना."

आहारतज्ज्ञ रबिया मॅडमनी हे नयनाला ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी सांगितलं होतं, आपल्या लखनवी हिंदीत, हातातलं पेन तिच्या उशीवर दोनदा आपटून. नयनाने "जी, जी" केलं आणि सोडून दिलं. तिचं लक्ष होतं शेजारच्या कॉटवर. तिथल्या बाईचंही पोट त्याच दिवशी, त्याच डॉक्टरांनी वजन उतरवायला कापून केळ्याएवढं केलं होतं आणि ती फिलिपिनो नर्सला चक्क मराठीत विचारत होती, "माय, आता मला भाकरी कधी?"

"ओके मॅडम," असं म्हणून नर्सने तिची उशी सरळ केली.

नयनाला हसू आलं. हसताना टाके दुखले, आणि मैत्री झाली.

ती सरोज. परभणीकडची. तिचा नवरा जालिंदर स्टेडियमच्या साइटवर क्रेन चालवायचा. आठ वर्षं कतारात एकट्याने काढून फोरमन झाला, तेव्हा कुठे बायकोला आणता आलं. घर उम्म सलाल मोहम्मदला. नयना नाशिकची, बायोकेमिस्ट्रीतली बीएस्सी. तिचा नवरा विजय इंजिनियर, स्टेडियमच्या खुर्च्यांखालून गार हवेचे पाइप नेणारा. मुलगा कैवल्य पाच वर्षांचा. घर अबू हमूरच्या कंपाउंडमध्ये. एरवी या दोघी मंडळाच्या गणपतीत एकमेकींना हळदीकुंकू लावून विसरल्या असत्या. इथे एकाच दिवशी, एकाच सुरीखाली गेल्या म्हणून बहिणी झाल्या.

ऑपरेशन नयनाने हौसेने करून घेतलं नव्हतं. एकदा मॉलच्या पार्किंगमध्ये कैवल्य हात सोडून पळाला होता. ती दहा पावलांत धापा टाकत थांबली आणि एका लँड क्रूझरने करकचून ब्रेक मारला. पोराला काही झालं नाही. पण त्या ब्रेकचा आवाज तिच्या कानातून गेला नाही. दुसऱ्याच आठवड्यात ती डॉक्टरांसमोर बसली होती.

हे २०१९ सालचं. रमजानची ईद होऊन आठवडा झाला होता. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला तीन वर्षं होती आणि सगळं दोहा खणून ठेवलेलं होतं. सकाळी ज्या रस्त्याने मुलाला शाळेत सोडावं, तो दुपारी जागेवर असेलच असं नव्हतं.

पहिल्या महिन्यात नयनाचं वजन एकशे चौदावरून एकशे सहावर आलं. दुसऱ्या महिन्यात तीन किलो. आणि मग एकशे तीनवर काटा जो बसला, तो उठेचना. ती उठल्याबरोबर एकदा काट्यावर चढायची, न्हाणीतून आल्यावर एकदा, कानातलं काढून एकदा. एकशे तीन. चार चमचे डाळीचं पाणी, दोन चमचे मऊ खिचडी, वाटीभर दही, एवढ्यावर माणूस जगतो आणि तरी काटा हलत नाही, हे तिला पटत नव्हतं. बाल्कनीतून थुमामाच्या स्टेडियमच्या क्रेन दिसायच्या. त्याही रोज तिथेच. "ममा, व्हेन विल इट बी डन?" असं कैवल्य विचारायचा, आणि नयनाला वाटायचं, हा मलाच विचारतोय.

ऑपरेशन झालेल्या बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. दर शुक्रवारी काट्याचा फोटो टाकायचा. त्या ग्रुपची राणी सरोज. एकशे अठरा, एकशे सात, अठ्ठ्याण्णव, एक्याण्णव. फोटो पडला की टाळ्यांचा नुसता पाऊस. कराचीची जैतूनआपा लिहायची, "माशाल्ला, सरोज, नजर उतरवून घे." आणि नयना? तिने सलग तीन शुक्रवार कैवल्यला ताप आहे म्हणून सांगितलं. पोराला साधी शिंकही आलेली नव्हती.

गणपतीत तर कहर झाला. मंडळातल्या पूर्णिमावहिनी प्रसादाचा द्रोण हातात देत भर घोळक्यात म्हणाल्या, "अगं नयना, ऑपरेशन तुझंच झालं ना? की विजयचं? तोच बारीक दिसतोय!"

सगळ्या हसल्या. नयनाही हसली. घरी येऊन तिने नाशिकला आईला फोन लावला आणि मनसोक्त रडली.

"त्या ताकदीच्या गोळ्या अजून खातेस का?" आईने विचारलं.

"हो. जन्मभर घ्यायच्यात."

"मग अजून काय होणार! बाळंतपणात त्याच खाऊन फुगली होतीस. बी-कॉम्प्लेक्सने भूक लागते आणि अंग धरतं, हे मला अडाणीला कळतं आणि तुला डिग्रीवालीला कळत नाही?"

नयनाला हे खरं नाही हे माहीत होतं. परीक्षेत त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं होतं. पण अडकलेल्या माणसाला कुणीतरी दार दाखवावं लागतं, मग ते भिंतीवर रंगवलेलं का असेना. तिने गोळ्यांची बाटली कपाटात मागे ढकलली. आणि एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी सरोजचा फोन आला, तेव्हा तिने तिलाही सांगितलं.

"सरोजताई, तुम्ही पण बंद करून बघा. उलट्यांचं म्हणत होतात ना? त्या गोळ्यांनीच होत असतील."

"व्हय? बरं झालं बाई सांगितलंस. तशा ओकाऱ्या लई होतात, पाणीबी ठरंना. पण उतरायलंय ना, मग ऱ्हाऊ दे की!"

नयनाने ते ऐकलं. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं ते एवढंच, की मला का होत नाहीत उलट्या.

दोन शुक्रवार सरोजचा फोटो आला नाही. नयनाला बरं वाटलं. तिसऱ्या शुक्रवारी सकाळी आला. खाली लिहिलं होतं, "आज दोन दोन आकडे दिसायलेत माय. कोणता खरा, तुमीच सांगा."

ग्रुपवर हसण्याच्या तोंडांची रांग लागली. जैतूनआपाने लिहिलं, "दोन्ही खरे!" नयनाने फोटो मोठा केला तो आकडा बघायला. शहाऐंशी. आणि मग, तिचा स्वभावच सगळं निरखून बघायचा म्हणून, तिची नजर आकड्यावरून खाली घसरली. पावलं काट्यावर नीट नव्हती. एक पाऊल पार कडेला, दुसरं अर्धं बाहेर. बैलगाडीत उभं राहताना माणूस पाय फाकवतो, तशी. आणि कोपऱ्यात चार बोटं दिसत होती, वॉशबेसिनची कड धरलेली. नखं पांढरी पडेपर्यंत धरलेली.

दोन दोन आकडे. ही गंमत नव्हतीच. सरोजला खरोखर दोन दिसत होते.

कॉलेजच्या पुस्तकातलं कुठलंतरी जुनं पान मनात फडफडलं. उलट्या. तोल जाणं. एकाचे दोन दिसणं. बी वन व्हिटॅमिन संपल्याची लक्षणं. नयनाने फोन लावला. सरोजने उचलला नाही. जालिंदर साइटवर, विजयही साइटवर. त्या वर्षी स्टेडियमवाल्यांना शुक्रवारची सुट्टी कसली. तिने कैवल्यला गाडीत मागे बसवून पट्टा लावला आणि निघाली. शुक्रवारचे रस्ते मोकळे होते, पण दोन ठिकाणी केशरी ड्रम लावून वाट वळवलेली. ती इतक्या मोठ्याने "यल्ला, यल्ला", चला चला, म्हणत होती, की मागून कैवल्य म्हणाला, "ममा, हू आर यू टॉकिंग टू?"

सरोजने दार उघडलं तेच भिंतीला धरून. गाऊन अंगावर टांगल्यासारखा. गालांची हाडं वर आलेली. आणि डोळे! तिने नयनाकडे बघितलं, पण बुबुळं एका जागी ठरेनात. वाऱ्यात दिवा हलावा तशी बारीक बारीक थरथरत होती.

"ये की," सरोज म्हणाली. "बघ, केवढी बारीक झाले. सोळा वर्साच्या पोरीवानी दिसायले का न्हाई?"

"सरोजताई, किती दिवस उलट्या होताहेत?"

"झाले की वीस-बावीस दिस."

"आणि गोळ्या?"

"त्या तवाच सोडल्या न्हाई का. तू म्हणलीस तवा." ती सहज बोलली. तक्रार म्हणून नव्हे. "तू शिकलेली, तुला कळतंय."

नयनाने रबिया मॅडमना फोन लावला आणि सगळं एका श्वासात सांगितलं, गोळ्यांचं सुद्धा. मॅडम म्हणाल्या, "अभी इमर्जन्सी में लाओ. कल नहीं, अभी. और सुनो, रास्ते में जूस, शक्कर, कुछ मत देना. शक्कर बचा-खुचा विटामिन भी खा जाएगी. पहले विटामिन जाएगा, फिर बाकी सब."

नयना वळली. कैवल्य सरोजसमोर उभा होता. "आँटी, यू वॉन्ट माय मँगो जूस?" आणि सरोज त्या डब्याच्या नळीकडे हात नेत होती. हात नळीच्या चार बोटं बाजूने हवेत गेला. नयनाने झडप घालून डबा काढून घेतला. पोरगं भेदरून रडायला लागलं.

"लेकराला कशाला वरडतीस गं?" सरोज म्हणाली. "माझ्यासाठी आणलं होतं बिचाऱ्यानं."

इमर्जन्सीत डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या का बंद केल्या. सरोज काही बोलायच्या आत नयना म्हणाली, "मी सांगितलं म्हणून." डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा बघितलं, मान हलवली आणि लिहायला लागले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"डोळे परत येतील?" तिने विचारलं.

"बहुतेक. उशीर झाला नसेल तर."

"आणि पाय?"

ते नर्सला औषध आणायला सांगून पुढच्या कॉटकडे वळले.

एक नर्स छोटी बाटली घेऊन आली. औषध सलाइनमध्ये सोडलं तशी पिशवी हळदीच्या पाण्यासारखी पिवळी झाली. नयना थेंब बघत बसली. तिला कॉलेजातलं आठवायला लागलं. हे बी वन माणसाच्या सबंध देहात मिळून चिमूटभरही नसतं. तांदळाच्या कोंड्यात असतं, तुरीच्या डाळीत असतं. देह ते साठवून ठेवतो, पण जेमतेम दोन-तीन आठवड्यांपुरतं. तेवढं संपलं, की चांगल्या धडधाकट बाईला एकाचे दोन दिसतात, पायाखालची फरशी हलते. केवढा मोठा कारभार आणि तो कशावर उभा! तिने हे सगळं पाठ केलं होतं, रेखाटलं होतं, मार्क मिळवले होते. कळलं मात्र काहीच नव्हतं.

जालिंदर साइटवरच्या बुटांसकट धावत आला. त्याला सांगायला नयनाने तोंड उघडलं, पण सरोजच मध्ये बोलली. "हिनंच आणलं मला. न्हाईतर पडले असते न्हाणीत." पुढचं नयनाने स्वतः सांगितलं. तो ऐकत राहिला. मग टोपी काढून खाली बसला आणि म्हणाला, "म्या रोज बघत होतो की ताई. मलाबी वाटलं, बारीक व्हायली, झ्याक."

दुपार कलली. मशिदीतून असरची अजान झाली तेव्हा डॉक्टर परत आले. सरोजच्या डोळ्यांसमोर बोट धरून उजवीकडे नेलं, डावीकडे नेलं. सकाळी थरथरणारी ती बुबुळं बोटामागोमाग निघाली. जरा अडखळली, पण निघाली. कडेपर्यंत गेली आणि थांबली. ठरली.

"किती बोटं?"

"येकच की," सरोज म्हणाली. "आन् नख कापायला झालंय तुमचं."

जालिंदरने तोंडावर टोपी धरली. नयना तर नुसती बघत राहिली. काही तासांपूर्वी विझत चाललेलं काहीतरी थेंब थेंब पिवळ्या पाण्याने परत पेटलं होतं. देवळात कधी हात आपोआप जुळतात तसे तिचे जुळले, समोर सलाइनचा स्टँड होता तरी.

रबिया मॅडमनी त्याच आठवड्यात नयनाचंही रक्त काढवलं. बी वन कमी निघालं, पण होतं. मॅडमनी तिच्याकडून सगळं खाणं वदवून घेतलं. डाळीचं पाणी, दही, खिचडी. मग कमरेभोवती टेप लावला. "जून से चौदा सेंटीमीटर कम," त्या म्हणाल्या, "और उसमें से पाँच काँटा रुकने के बाद के. मैं इसी लिए नापती हूँ."

नयनाने आपल्या पोटावर हात ठेवला. केळ्याएवढं उरलेलं ते पोट, जे दिलं ते मुकाट्याने ठेवून घेत होतं. तिने त्याला दीड महिना शिव्या घातल्या, सरोजच्या ओकाऱ्यांचा हेवा केला, गोळ्या बंद केल्या. आणि ते मात्र चार चमचे डाळीतून कणकण काढून तिचे डोळे, तिचे पाय सांभाळत बसलं होतं. हळू होतं, पण हातातलं काम सोडलं नव्हतं. तिला आपल्याच देहाची भीती वाटली, आणि आदरही. नाशिकला आईला तिने एवढंच सांगितलं, "आई, गोळ्या परत सुरू केल्यात. आता यावर बोलायचं नाही. खलास."

सरोजचे पाय सावकाश आले. दोन महिने वॉकर. पहिल्यांदा ती वॉर्डातल्या खिडकीपर्यंत आठ पावलं चालली, तेव्हा नयना पुढे हात पसरून मागे मागे सरकत होती, कैवल्यला चालायला शिकवलं होतं तशी.

"सरोजताई, मला माफ करा," ती मध्येच म्हणाली.

"गप. एवढी शिकलेली, आन् माझ्याएवढीच येडी. आता हात बाजूला घे, बघू दे मला जमतंय का."

अजूनही सरोजचा डावा पाय थोडा झोपाळू आहे. नयनाचा काटा कधी महिन्याला किलोभर सरकतो, कधी नाही. शुक्रवारचे फोटो तिने ग्रुपवर भांडून बंद करवले.

आता नयनाला कुणी भेटलं, की हवापाण्याच्या गोष्टी बाजूला ठेवून ती एकच विचारते. तुम्ही भेटलात तर तुम्हालाही सोडणार नाही. तुमच्या ओळखीत आहे का कुणी, असं ऑपरेशन झालेलं? दोन-तीन महिन्यांत भराभर उतरलेलं, सगळे जिचं कौतुक करताहेत, आणि जी हल्ली फोटोतच दिसते, समोर येत नाही? तिला फोन करू नका, फोनवर सगळ्या मजेत असतात. घरी जा. बेल वाजवा. ती दार उघडायला कशी चालत येते, ते बघा.

जाल ना? आजच जा.