पन्नास यार्डांची बंदूक

आर्डिथ कोल्स्टॅडला एकोणीस वर्षांनी परवाना लागला, ही बातमी आमच्या दुकानात तिच्याआधी तिच्या जावयाने आणली. कर्टचा चेहरा असा, की एकोणीस वर्षं अर्ज भरत बसलेला जणू तोच.

आमच्या यांपा नदीकाठच्या गावात दर वसंतात सगळेच अर्ज भरतात. नंबर लागला नाही की एक गुण जमा होतो. गुण पुरेसे साठले की वरच्या चांगल्या पट्ट्यात एक नर एल्क, म्हणजे सांबराचा थोरला भाऊ, मारायचा परवाना मिळतो, नऊ दिवसांसाठी. मिळाला की गुण शून्यावर, मग एल्क मिळो न मिळो. आर्डिथ अडुसष्टची. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, त्यामुळे हिशेब तोंडी.

"पुढचा परवाना सत्त्याऐंशीला," ती काउंटरवर हात टेकून म्हणाली. "तेव्हा एल्कलाच मला ओढून खाली आणावं लागेल."

परवाना ठासणीच्या बंदुकीचा होता. तोंडातून दारू ओतायची, वर गोळी, ती गजाने ठासायची आणि मिळतो तो एकच बार. इनलाइन जात निघाली तेव्हापासून मात्र या बंदुकीला कुणी जुनाट म्हणू शकत नाही. नळीच्या मागे आट्यांचं पोलादी बूच, बुचाच्या पाठीत प्रायमरची इवली टोपी, ठिणगी सरळ दारूच्या पोटात. रिमझिमीतही बार चुकत नाही. माणसाने इतकी साधी गोष्ट इतकी नीट करावी, याचं मला एकतीस वर्षं काउंटरमागे उभं राहूनही कौतुक वाटतं.

पण या सीझनला आमच्या राज्यात दुर्बीण चालत नाही. नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा बारका खुंट, आणि आपला डोळा, बस्स. आर्डिथची अडचण तिथेच होती.

"लोवेल, लांबचं पोर रस्ता ओलांडताना मला अजून दिसतं. नाकासमोरचं धुकं होतं." मग तिने अट सांगितली. "पंचाहत्तर यार्डांवर कागदी ताटली. तीनपैकी तीन गोळ्या आत. नाही गेल्या तर सीझनआधी परवाना परत करते, गुण तरी वाचतील. अर्धमेलं जनावर डोंगरात सोडून मला घरी जेवण जायचं नाही."

"मॉम, त्यात काय विचार करायचा?" कर्टने स्वतःची बंदूक आणलीच होती. लांब नळी, झाडपाल्याच्या रंगाचा दस्ता. "माझ्यासारखीच घ्या. ही दोनशे यार्डांवर मारते."

"ही मारते रे. तू?"

लांब नळी महाग, माझा फायदा तिच्यातच होता, हे मी लपवत नाही. म्हणून सल्ला न देता तीन बंदुका काउंटरवर मांडल्या. बाकीची गिऱ्हाइकं बंदूक उचलली की आधी आरशात बघतात. आर्डिथने खिशातून लोकरी हातमोजे काढले. जून महिना, बाहेर लोक आइस्क्रीम खात होते.

"थंडी वाजते?" कर्ट हसला.

"सप्टेंबरात पहाटे वाजते."

हातमोज्यांनी तिने तिन्ही बुचं फिरवून पाहिली. पहिलं पान्याशिवाय हललंच नाही. दुसरं हललं, पण लोकर घसरत होती. तिसरी बंदूक बुटकी, जराशी जड. तिच्या बुचाला खाचांचं कडं होतं, ते दोन झटक्यांत हातात आलं. मग तिने डोळे मिटले, बंदूक खांद्याला लावली आणि डोळे उघडले. असं चार वेळा. तिसऱ्या बंदुकीवर मी मागच्या बाजूला, डोळ्याजवळ, छिद्राचं छोटं कडं बसवून दिलं. त्यातून तिने रस्त्यापलीकडच्या चाऱ्याच्या दुकानाची पाटी पाहिली.

"अरेच्चा! माशी सापडली की."

"कड्याकडे बघू नकोस," मी म्हटलं. "त्यातून बघ."

"तेच करतेय. खिडकीतून बघताना चौकट कोण बघतं?"

"पण ही बुटकी आहे, मॉम. गोळी हळू जाते."

"मीही हळूच जाते. आमचं जमेल."

पैसे मात्र तिने तेव्हा दिले नाहीत. आधी ताटली, म्हणाली.

शनिवारी आम्ही ती बुटकी बंदूक घेऊन खडीच्या खाणीमागे गेलो. आधी कर्टने शिकवायला घेतलं. दारू किती, वेग किती, गोळी किती खाली पडते, सगळं तोंडपाठ. त्याचे दोन बार खरोखर सुरेख गेले. तिसऱ्यांदा भरता भरता तो वाऱ्याबद्दल सांगत होता. नेम धरला, चाप ओढला. फट्. टोपी फुटली, बाकी काही नाही.

"हलू नकोस!" आर्डिथ ओरडली. "नळी ताटलीकडेच. मिनिटभर. बार उशिरानेही उडतो."

मिनिट गेलं. कर्टचे कान लाल.

"दारू घालायची राहिली," ती म्हणाली. "पहिल्या दोन्ही वेळा गज चार बोटं बाहेर होता. या वेळी एकच."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलत होतास."

बूच काढून गोळी ढकलून द्यायची, की झालं. इनलाइनचा हाच तर मोठेपणा. पण कर्टचं बूच गेल्या सीझनपासून ग्रीसशिवाय होतं आणि पाना घरी. बिचारा दुपारभर त्या बुचावर तेलाचे थेंब सोडत बसला. आर्डिथने बुटक्या बंदुकीचं बूच हाताने काढलं, नळीतून आरपार आकाश पाहिलं, बूच परत बसवलं आणि भरायला घेतलं. दारू, गोळी, गज. भरल्यावर गज नळीच्या तोंडाशी जिथे आला तिथे त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली.

पहिली गोळी ताटलीत. नळी पुसली. दुसरी ताटलीत. पुन्हा पुसली. तिसरी दोन बोटं बाहेर.

"एल्क काय ताटलीएवढा असतो, मॉम?" कर्ट बुचापाशी बसूनच म्हणाला. "चालतंय!"

"एल्क मोठा असतो. त्याची फुप्फुसं मोठी नसतात."

ती गाडीच्या फळीवर जाऊन बसली. अट तिचीच होती, आणि ही बाई अट पाळते हे गावातल्या प्रत्येक पोराला बसमध्ये कळलेलं. परवाना गेला, असं मी मनात धरूनच चाललो. थोड्या वेळाने ती उठली, ताटलीच्या लाकडी चौकटीपाशी गेली आणि ती पंचवीस यार्ड ओढत आणली.

पन्नासवर तीनपैकी तीन आत.

"अट मोडलीस की," मी चिडवलं.

"मोडली नाही, जवळ आणली. आता पन्नास म्हणजे पन्नास. एकावन्नवर देवाने आणून उभा केला तरी नाही. जवळ जायचं काम माझं."

मग दर शनिवारी तीन. सीझन येईपर्यंत मी मोजले: तेहतीसपैकी तेहतीस. बंदूक मी तिसऱ्या शनिवारीच तिच्या नावावर लिहिली होती.

पुढचं कर्टने सांगितलं, दुकानात उभं राहून, आणि नवल म्हणजे हळू आवाजात. चौथ्या दिवशी ऐंशी यार्डांवर दोन्ही शिंगांना सहा-सहा टोकं असलेला नर आडवा उभा राहिला. कर्टने जीव तोडून हातवारे केले. तिने बंदूक खाली ठेवली. नर चरून निघून गेला.

"मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही, लोवेल."

"आणि ती?"

"तिला कळलंही नसावं."

सातव्या दिवशी अस्पेनच्या झाडीत दुसरा दिसला, पाच-पाच टोकांचा. वारा समोरून. जवळ जायला तासभर लागला, शेवटचे वीस यार्ड ती पोटावर गेली. छत्तीस यार्डांवर बार केला आणि सगळीकडे पांढरा धूर. काहीच दिसेना. कर्ट उठून पळणार, तेवढ्यात तिने त्याचा पट्टा धरून खाली बसवला आणि त्या धुरातच, हातमोज्यांनी, पुन्हा भरायला घेतलं. गजावरची रेघ बोटाने तपासली. पाठलाग झाला तर घायाळ जनावर लांब पळतं, म्हणून अर्धा तास बसवून ठेवलं त्याला. मग नव्वद पावलांवर नर सापडला, एकाच गोळीत, दोन्ही फुप्फुसं.

मांस तंबूपर्यंत आणायला चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेनंतर कर्ट पाठीवरून ओझं टाकून जमिनीवरच आडवा झाला. डोळे उघडले तर आर्डिथ चुलीवर पाणी तापवत होती. त्याला वाटलं कॉफी. तिने बूच हाताने काढलं, नळी कढत पाण्यात उभी केली आणि म्हणाली, "गजाला फडकं गुंडाळ रे. दारू रात्रभरात पोलाद खाते."

"मग?" मी विचारलं.

"मग काय," कर्ट म्हणाला, "गुंडाळलं. दहा फडकी लागली, शेवटचं पांढरं निघेपर्यंत. मग जेवलो."