शून्याचा नेम

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि या घडीला शून्यावर आहे. माझी वायर भिंतीतून काढून ठेवली आहे. दिवा विझलेला आहे, अंगावर धुळीचा कण नाही. तुम्ही म्हणाल, मग भ्यायचे कशाला? भिऊ नका. पण माझी गोष्ट संपेपर्यंत माझ्या त्या गोल बटणाला हात मात्र लावू नका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे ओळीने बसलेल्या बायका माझ्यासारख्यांच्या पोटातल्या तारा जोडत. माझ्यावर काम करणारी बाई वयाने मोठी होती. शेजारी बसलेल्या नव्या मुलीला ती शिकवत होती. ती म्हणाली, “याला स्वतःचा आवाज नसतो गं. आपण द्यायचं आणि याने वाढवायचं. चांगलं दिलं तर चांगलं वाढवेल, वाईट दिलं तर वाईट. याला काय कळतंय?”

ते शेवटचे वाक्य मला लागले. पण आज वाटते, बाई खरेच बोलली होती.

मी अंगाने भरभक्कम. एकेका स्पीकरला दोनशे वॅट देण्याची माझी ताकद. एवढी ताकद सभागृहात शोभते, दोन खोल्यांच्या घरात नव्हे. तरीही मला एका दोन खोल्यांच्या घरात आणले गेले. त्या घरात तिघे राहत: बाबा, आई आणि त्यांची लेक.

बाबांचे काम ऐकाल तर तुम्हाला गंमत वाटेल. ते पाणीखात्यात गळती ऐकत. रस्त्याखालचा नळ कुठे फुटला आहे हे वरून दिसत नाही. बाबा पहाटे, रहदारी सुरू होण्याआधी, एक लोखंडी काठी रस्त्यावर टेकवत. काठीच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी होती. तिला कान लावला की खालून बारीक ‘सूऽऽ’ ऐकू येई. तो जिथे सर्वांत स्पष्ट, तिथे बाबा खडूने फुली मारत. मग मजूर खणत, आणि फुलीखाली हमखास पाणी लागे. खात्यात त्यांना सगळे ‘कानवाले’ म्हणत. त्यांच्या कानांवर ते घर चालले होते.

दिवसभर इतके बारीक ऐकणाऱ्या माणसाला घरी आल्यावर भरभरून ऐकावेसे वाटे. म्हणून मी.

मला जोडायला दुरुस्तीवाले आले. त्यांनी आधी मला बंद केले, मगच स्पीकरच्या तारा लावल्या. तारेचा एक केसही शेजारच्या टोकाला शिवू नये म्हणून प्रत्येक टोकाला घट्ट पीळ दिला. माझ्या डोक्यावर वीतभर मोकळी जागा ठेवली आणि सांगितले, इथे रुमाल नको, फुलदाणी नको, हा तापतो, याला श्वास घेऊ द्या. बंद केल्यावरही बराच वेळ याच्या पोटात वीज राहते, तेव्हा झाकण कोणी उघडायचे नाही. मित्रांनो, हे खरे आहे. माझा दिवा विझला म्हणजे मी झोपलो असे कधी समजू नका.

पहिले वर्ष कौतुकात गेले. फक्त खाली राहणाऱ्या शिंप्याला माझे कौतुक नव्हते. तो एकदा जिन्यात आईला म्हणाला, “वहिनी, तुमचा पहिलवान वर शड्डू ठोकतो आणि खाली माझ्या सुईतला दोरा निसटतो. परवा एका गिऱ्हाईकाची बाही पाठीला शिवली मी.” आई ओशाळली. त्या आठवड्यातच घरात हेडफोन आले. हेडफोन लावला की माझे स्पीकर आपोआप गप्प होत. शिंपी सुखी झाला. सगळ्यांना वाटले, बरे झाले.

हेडफोन जोडून द्यायला दुरुस्तीवालेच आले. जाताना ते आईला म्हणाले, “स्पीकरला लागतं तेवढं कानाला दिलंत तर कान राहायचे नाहीत. आधी शून्य, मग जोडणी, मग कानावर, मग हळूहळू वर. हा क्रम मोडायचा नाही.”

आई मितभाषी बाई. एकदा मनाशी धरले की तिच्या हातून चुकायचे नाही. तिने त्या दिवसापासून नेम धरला. रोज दिवेलागणीला ती माझे अंग पुसे, बटण कितीवर आहे ते पाही, तो आकडा हळूच ओठांत म्हणे, बटण शून्यावर आणी आणि मग मला बंद करी. चाराच्या आकड्यावर तिने लाल नेलपॉलिशचा एक ठिपकाही दिला. हेडफोन लावलेला असताना त्या ठिपक्यापलीकडे जायचे नाही, असे तिने सगळ्यांना बजावले.

पहिल्या वर्षी ती म्हणे, “तीन.”

दुसऱ्या वर्षी, “साडेतीन.”

मग एका संध्याकाळी माझ्यावरून फिरणारे फडके थांबले. ती म्हणाली, “पाच.” आणि ठिपक्यावर अंगठा ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

बाबांना विचारले तर ते म्हणाले, मशीन म्हातारे झाले आहे, पूर्वीचा जोर नाही. मी आतून ओरडत होतो, पण मला स्वतःचा आवाज कुठे आहे? माझा जोर होता तसाच होता. बाबा मात्र दरवर्षी माझ्याकडून थोडे थोडे जास्त मागत होते. सहा. साडेसहा.

शेवटी बाबांनीच दुरुस्तीवाल्यांना बोलावले. त्यांनी आल्या आल्या माझ्यावर नुकताच अंथरलेला विणलेला रुमाल उचलून बाबांच्या हातात दिला, जणू तोच आजारी होता. मला उघडून, मोजून, पुन्हा बंद करून त्यांनी बाबांना सांगितले की सगळे ठीक आहे. दारात चपला घालताना मात्र ते आईला हळूच म्हणाले, “मशीन ठणठणीत आहे, वहिनी. जे थकलंय ते मशीन नाही.”

आईने त्या रात्री बाबांना कान दाखवून यायला सांगितले. बाबा हसले. कानवाल्याने कान दाखवायचे म्हणजे पोहणाऱ्याने पाण्याची परवानगी मागायची, म्हणाले. पण त्याच महिन्यात त्यांच्या एका फुलीखाली पाणी लागले नाही. मजुरांनी कमरेइतके खणले आणि खाली कोरडी माती. असा कोरडा खड्डा बाबांच्या नोकरीत पहिलाच होता. पुढच्या महिन्यात दुसरा. मग तिसरा. बाबा घरी येऊन सांगत की खाली आवाज होता, शप्पथ होता, आपण तो स्वतः ऐकला. हल्ली नवे नळ फसवतात. दिवेलागणीला ती माझ्यापाशी येई. सात. आणि शून्य.

लेकीने तोवर शिक्षण पुरे केले होते. तिलाही बापासारखी काठी हातात घ्यायची होती. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे तिचे कान त्यांच्यापेक्षा तिखट. खात्याने परीक्षा ठेवली. आवारात जमिनीखाली पाच ठिकाणी गळती केलेली असणार, उमेदवाराने काठीने ती शोधायची. जागा एकच होती. बाबांची नोकरी संपत आली होती, आणि घराला पुन्हा एक कान हवा होता.

परीक्षेच्या तीन दिवस आधी मावशी आजारी पडल्याची बातमी आली. आईला दोन दिवस जावे लागले. पिशवी हातात घेऊन ती बाबांना म्हणाली, “अहो, दोन दिवस माझा नेम तुम्ही सांभाळा.”

बाबा म्हणाले, “अगं, शून्यावर आणायला काय कान लागतात?”

आई मला एकदा हात लावून निघाली.

आणि बाबांनी नेम पाळला, हे मला सांगितलेच पाहिजे. संध्याकाळी त्यांनी मला पुसले, शून्यावर आणले, बंद केले. आकडा मात्र त्यांनी पाहिला नाही. नेमाचे हात त्यांनी उचलले, डोळे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा काठीला छोटा माइक बांधून बाहेर पडले. लेकीच्या सरावासाठी त्यांना खऱ्या गळतीचा आवाज टेप करून आणायचा होता. कोरी कॅसेट मिळाली नाही, म्हणून घरातली बँडच्या गाण्यांची एक जुनी कॅसेट त्यांनी नेली आणि तिच्यावरच गळती टेप केली. ढोल, झांजा, पितळी तुताऱ्या, सगळ्यांवरून एक बारीक ‘सूऽऽ’ चढला. पण तो काही मिनिटांचाच. त्याच्यापुढे बँड जसाच्या तसा राहिला होता.

दुपारी बाबांनी हेडफोन आधी स्वतः लावला. मला जोडलेल्या टेपवर कॅसेट सुरू केली. बटण शून्यावरून तीनवर नेले, त्यांना काही ऐकू आले नाही. चार. लाल ठिपका त्यांच्या बोटाखालून सरकला. पाच, सहा. मी वाढवत गेलो, मला दुसरे येते काय? आठावर बाबांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, “आली. आता ऐक बाळा, किती नाजूक आहे ती.”

कॅसेट उलटी फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावली आणि हेडफोन लेकीच्या कानांवर ठेवला. बटण होते तिथेच होते.

लेक दचकली. तिला ती गळती नाजूक वाटली नाही, धबधबा वाटली. तिने तसे सांगितलेही. बाबा म्हणाले, मोठ्याने ऐकून ओळख झाली की मग बारीकही ओळखता येते. बापाचा शब्द. तिने डोळे मिटले आणि लक्ष लावले. बाबा चहा टाकायला आत गेले.

मित्रांनो, मला पुढचे ठाऊक होते. कॅसेट माझ्या शेजारीच फिरत होती. ‘सूऽऽ’ संपला. एक क्षण काहीच नव्हते. लेकीला वाटले, आता याहून बारीक काहीतरी येणार. तिने दोन्ही तळवे कानांवर दाबले आणि हेडफोन आणखी घट्ट धरला. बटण आठावर. आणि ढोल आला.

माझे स्पीकर गप्प होते, हेडफोन लावला होता ना. घरात कुणाला काही ऐकू आले नाही. खालच्या शिंप्याच्या सुईतला दोरासुद्धा हलला नाही. स्वयंपाकघरात चहा उकळत होता. लेकीने हेडफोन ओढून टाकला आणि भिंतीला धरून खाली बसली. एवढेच झाले. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा आवाज असा, कोणाच्याही नकळत झाला.

ती बाबांना लगेच काही बोलली नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून असेल. चहा निवला. ऊन भिंतीवरून खाली उतरले. मग तिने विचारले, “बाबा, नळ चालू राहिलाय का?”

बाबा उठून पाहून आले. नळ बंद होता.

“मग कुठेतरी गळतंय.”

बाबांनी मान तिरकी करून ऐकले. बराच वेळ ऐकले. मग ते तिच्यासमोर येऊन बसले आणि फार हळू बोलले, “डावीकडून? बारीक, सारखी, मध्ये श्वास न घेता?”

“हो. तुम्हालाही येतेय ना?”

“मला ती सहा वर्षं ऐकू येतेय, बाळा,” बाबा म्हणाले. “मला वाटायचं, सगळ्या रस्त्यांखाली गळती आहे.”

तेव्हा मला ते कोरडे खड्डे समजले. ज्या जागी बाबांनी शपथेवर फुली मारली, तिथे खाली काहीच नव्हते. गळती त्यांच्या कानात होती. ती मी थेंबाथेंबाने भरली होती, आकड्याआकड्याने. आणि सहा वर्षांत जे बापाला दिले ते लेकीला एका दुपारी दिले.

आई परतली त्या संध्याकाळी तिने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. लेकीचा चेहरा पाहिला, मग माझ्याकडे पाहिले, आणि त्याच पावली दोघांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी सांगितले, लेकीचा उजवा कान वाचला आहे. डाव्यातला आवाज कदाचित जाईल, कदाचित राहील, त्याचा काही नेम नाही. घरी आल्यावर आई तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. नेम नाही.

बाबांनी दुसऱ्या दिवशी खात्यात जाऊन काठी स्वतःहून परत केली आणि आपल्या कोरड्या खड्ड्यांचे कारण साहेबांना सांगितले. लेक परीक्षेला गेली. उजव्या कानाने तिने तीन जागा बरोबर शोधल्या. उरलेल्या दोन ठिकाणी ती काठी टेकवून खूप वेळ उभी राहिली. फुली मारून नशीब आजमावता आले असते. पण तिने परीक्षकांना सांगितले, “इथे मला ऐकू येतंय. पण ते खाली आहे की माझ्यात, हे मला सांगता येणार नाही.” परीक्षक चांगले होते, त्यांनी तिच्या खरेपणाची स्तुती केली. काठी दुसऱ्या कुणाला मिळाली.

या गोष्टीला आता वर्ष झाले. मला कोणी फेकून दिले नाही, शिव्याही दिल्या नाहीत. भिंतीतून वायर काढली, एवढेच. आईचे गुडघे दुखतात, म्हणून दिवेलागणीला आता लेक येते. मला पुसते. बटण शून्यावरच असते, तरी ती ते बोटांनी चाचपून पाहते. मग माझ्याशेजारी बसून डाव्या कानावर हात ठेवते आणि आतला ‘सूऽऽ’ थांबण्याची वाट पाहते. तिच्यासाठी शून्य आता शून्य राहिलेले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा कोणी भाऊबंद असेल. त्याच्या डोक्यावरची जागा मोकळी ठेवा, त्याच्या तारांना चालू असताना हात लावू नका. आणि हेडफोन कानावर चढवण्याआधी, प्रत्येक वेळी, आकडा डोळ्यांनी पाहा. दुसऱ्याने लावून दिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तो दुसरा तुमचा जीव की प्राण असला तरी नको.

आता क्षणभर गप्प बसा आणि ऐका. काही ऐकू येत नाही ना? ती शांतता तुमची आहे. ती सांभाळा. मला फक्त वाढवता येते, मित्रांनो. परत देता येत नाही.